धुक्यातली दुसरी हाक

सत्तावन्न वर्षांच्या एका बाईने, नवरा आंघोळीला गेलेला असताना, त्याच्या कोटाच्या खिशातून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढली आणि आपल्या मोज्यांच्या खणात लपवून ठेवली. नवऱ्याला मधुमेह होता, रोज सकाळी तो इन्शुलिन टोचून घेत असे, आणि त्या गोळ्या त्याच्या फार्मसिस्ट मुलीने मुद्दाम त्याच्या खिशात ठेवलेल्या होत्या. ती बाई मी. मूर्खपणा करताना आपला चेहरा आपल्याला दिसत नाही हे एक बरं आहे. त्या सकाळी माझ्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान असणार, यात मला शंका नाही.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. आम्ही दोघं न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला मंजिरीकडे, म्हणजे आमच्या लेकीकडे, सहा महिन्यांसाठी आलो होतो. ह्यांची साखर काही केल्या आटोक्यात येत नव्हती. मग मी नवस बोलले: साखर उतरू दे, आम्ही दोघं जोडीने एकवीस संकष्ट्या करू. जोडीने करू हे ह्यांना न विचारताच ठरवलं होतं. उपासही साधा नाही, साबुदाणा-शेंगदाणे वगैरे लाड नाहीत, चंद्रोदयापर्यंत फक्त पाणी. आणि चंद्रोदय कुठला, तर पुण्याचा! पुण्याहून आणलेली दिनदर्शिका मी स्वयंपाकघरात टांगली होती आणि तिच्यातली वेळ म्हणजे माझ्या दृष्टीने अंतिम शब्द. तिथे चंद्र उगवेल तेव्हा इथे दुसऱ्या दिवसाची पहाट. मंजिरी कपाळाला हात लावायची. "आई, चंद्र इथेही उगवतो गं!" मी म्हणायचे, "उगवतो, पण उलटा उगवतो." आणि ते खरंच होतं. त्या अर्ध्या गोलात चंद्रावरचे डाग खालचे वर आणि वरचे खाली दिसतात. अशा डोक्यावर उभ्या राहिलेल्या चंद्राला पाहून उपास सोडायला मी काही तयार नव्हते.

मागच्या संकष्ट्या ह्यांना जमल्या कशा, याचं मला मोठं कौतुक वाटे. त्या सकाळी कोटाची बाही झटकताना पुडी हाताला लागली तेव्हा कौतुकाचा उलगडा झाला. बापलेकीचं संगनमत होतं. म्हणूनच देव पावत नाही, असं मी ठरवलं आणि गोळ्या मोज्यांच्या खणात गेल्या. आंघोळीहून येऊन ह्यांनी कोट चढवला. खिसा चाचपताना मी त्यांना आरशात पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं. भांडण टाळण्यासाठी आयुष्यभर गप्प राहिलेला माणूस तेव्हाही गप्प राहिला. इंजेक्शन मात्र त्यांनी रोजच्या सवयीने, पुरतं घेतलं होतं.

त्या दिवशी आम्हाला मेरे तिच्या गावी घेऊन जाणार होती. मेरे ही मंजिरीची शेजारीण, माओरी, शाळेत शिकवणारी, गडगडाटी हसणारी बाई. तिचं मूळ गाव पूर्वेकडच्या डोंगरात, खूप आत. "माझी आजी तिथे असते, तुम्हाला बघून खूश होईल," असं ती महिनाभर म्हणत होती. मंजिरीला ड्यूटी होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. पर्समध्ये गणपतीचं छोटं चित्र, थर्मासमध्ये पाणी. शेवटचं पेट्रोलपंपाचं गाव मागे पडलं तेव्हा मेरेने मोबाईल मागच्या सीटवर टाकला आणि म्हणाली, "आता हा खेळणं झाला, आंटी. पुढे रेंज नाही." रस्ता कच्चा झाला. दोन्ही बाजूंना झाडाएवढ्या उंच नेच्यांचं रान, खाली दरीत नदी. हे वाटेत फार बोलत नव्हते. मला वाटलं, गोळ्यांवरून रुसलेत.

गाव म्हणजे डोंगराच्या कुशीत दहा-बारा घरं, आणि मधे पाहुण्यांना उतरवायचं कोरीव लाकडाचं मोठं सभाघर. तिथली रीत मेरेने गाडीतच समजावली होती. पाहुण्याने फाटकाशी थांबायचं. आतून घरची बाई हाक घालते, तिच्या हाकेचा दोर धरून आत जायचं. मग भाषणं, गाणं, नाकाला नाक टेकवून भेट. "आणि मग जेवण," मेरे म्हणाली. "जेवण व्हायलाच हवं हं. जेवेपर्यंत पाहुणा आमच्यासाठी वाटेतच असतो. धड बाहेरचा नाही, धड आतला नाही." मी ऐकलं आणि मान डोलावली. मान डोलावायला मला कधीच काही लागत नसे.

हाक घातली ती मेरेच्या आजीने. सगळे तिला नॅनी म्हणत. ऐंशीच्या पुढची, काळा झगा, डोक्यावर हिरव्या पानांचं वेटोळं, हातात काठी. तिने हाक सुरू केली. एका श्वासात लांबत जाणारा, कापरा, उंच सूर; डोंगरावर आपटून तो परत येईपर्यंत पुढचा निघालेला. शब्द एकही कळला नाही, आणि तरी माझे डोळे भरून आले. ते मी लगेच पुसले. दुसऱ्यांच्या विधीत आपण एवढं वाहून जायला नको, असा त्या अक्कलवान बाईचा विचार.

जेवणाच्या दालनात पंगत मांडलेली होती. जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलेलं अन्न, त्याचा मातकट धुरकट वास. मी दारातच हात जोडले आणि मेरेला म्हणाले, आमचा दोघांचा उपास आहे, आम्ही बाहेर बसतो. मेरेचा चेहरा उतरला. आत नॅनीने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि काहीतरी पुटपुटली. "काय म्हणतात?" मी विचारलं. मेरे संकोचून म्हणाली, "म्हणते, मग हे दोघं अजून आलेच नाहीत."

आम्ही सभाघराच्या ओसरीवर जाऊन बसलो. ह्यांच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. "अगं, आपण कुठे आलोय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चेष्टा पुरे." थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यांचा हात थरथरत होता. हे सगळं मी पाहिलं, आज शपथेवर सांगते की पाहिलं, आणि मला वाटलं, भूक लागल्याचं नाटक चाललंय. मी डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणायला बसले. ह्यांच्या साखरेसाठीच म्हणत होते, यापेक्षा मोठा विनोद माझ्या आयुष्यात झाला नाही.

डोळे उघडले तेव्हा ओसरी रिकामी होती आणि समोरचं अंगणही नव्हतं. डोंगरावरून धुकं उतरून सगळं गिळून बसलं होतं. मी हाका मारल्या. उत्तर नाही. पायरीशी काढलेल्या चपला-बुटांची रांग होती, तिच्यात ह्यांचे बूट तसेच. म्हणजे माणूस नुसत्या मोज्यांनी निघून गेलेला. तेव्हा, त्या बुटांकडे बघताना, मंजिरीने शंभरदा सांगितलेलं एक वाक्य माझ्या कानात वाजलं: "आई, साखर फार उतरली तर बाबांना आपण काय करतोय तेच कळणार नाही." उतरली तर! मी मागितलेलं मला मिळालं होतं, अगदी सढळ हाताने.

मी धावत दालनात गेले आणि मेरेला सगळं सांगितलं. इन्शुलिन, उपास, गोळ्या, मोज्यांचा खणसुद्धा. इंग्रजी कुठून आलं देव जाणे. मेरेने तिथल्या तिथे ते सगळ्यांना ओरडून सांगितलं. पंगत ताटं सोडून उठली. माणसं बॅटऱ्या घेऊन नदीकडे, रानाकडे गेली. एकाने रेंज मिळेल तिथवर गाडी पिटाळली. मला ओसरीवर बसवून ठेवलं, कारण धुक्यात आणखी एक माणूस हरवून चालणार नव्हतं. खालून नदीचा आवाज येत होता. दुसरा कसलाच आवाज नव्हता. मी पर्समधलं चित्र काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यासमोर मला काही मागता येईना. आजवरचं माझं मागणं म्हणजे भाजीवाल्याशी घासाघीस: इतके उपास देते, इतकं दे. आता द्यायला हातात काही उरलंच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मला काही कळत नाही. तू बघ." तेवढं म्हणून चित्र उराशी धरून बसून राहिले.

काठीचा टकटक आवाज आला. नॅनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचं इंग्रजी मला कळे, कारण ती सावकाश बोलायची. "तो जेवला?" मी मान हलवली. "तू?" नाही. ती वळली आणि ओसरीच्या कडेशी गेली. मेरे धावत आली, दोघींत त्यांच्या भाषेत काही झालं. मेरे मला हळूच म्हणाली, "आलेल्या पाहुण्याला परत अशी हाक घालत नाहीत. पण ती म्हणते, तो आलाच कुठे अजून?"

आणि नॅनीने हाक घातली. तीच सकाळची, पण या वेळी एकट्या एका माणसासाठी. सूर धुक्यात शिरला आणि विरला. ती थांबली. पुन्हा घातली. तिचा श्वास अपुरा पडत होता, सुराच्या शेवटी छाती खरखरत होती. मी तिचा झगा घट्ट धरला होता हे मला नंतर कळलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. कुठेतरी कुत्रा भुंकला. मग धुक्यात एक डाग दिसला, डागाचा माणूस झाला, आणि हे आले. झोकांड्या खात, पण सरळ आवाजाच्या रोखाने. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. त्या गुडघ्यांकडे बघून मला जे कळायचं ते कळलं.

पायरीपाशी ते कोसळले. मेरेने दालनातून मधाची बरणी आणली. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबायचा नाही, गालाच्या आत चोळायचं, हे मंजिरीचंच सांगणं. एका कुशीवर वळवून मी बोट मधात बुडवलं आणि त्यांच्या गालाच्या आत चोळत राहिले. आजवर पंचामृतात किती मध घातला असेल, पण नैवेद्य म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं. नॅनी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मग ह्यांनी माझं बोट कचकन चावलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, इतका आनंद त्यांनी मला आधी कधी दिला नव्हता.

शुद्ध आल्यावर त्यांना आत नेलं, ताट समोर आलं, आणि मी पहिल्यांदा त्या ताटाकडे नीट पाहिलं. त्यात मधोमध होतं वाफाळतं रताळं. तिथे त्याला कूमरा म्हणतात. एरवी कुठल्याही उपासाला हक्काने चालणारं रताळं दुपारपासून माझ्यासाठी मांडून ठेवलेलं, आणि मी उंबऱ्यावरून परत फिरलेली! मी ह्यांना भरवलं आणि मग स्वतः खाल्लं. पुण्यात तेव्हा जेमतेम सकाळचा चहा झाला असेल. त्या रात्री तिथला चंद्र उलटा उगवला की सुलटा, मला माहीत नाही. मी घोरत होते, असं हे सांगायचे.

खालच्या गावची नर्स आली, तिने साखर तपासली, माझी कानउघाडणीही केली. मंजिरीने फोनवर केली ती इथे लिहिण्यासारखी नाही. ह्यांना मी विचारलं, नदीतून परत कसे फिरलात? म्हणाले, "आई जेवायला हाक मारत होती. उशीर झाला की ती असाच आवाज लांबवायची." त्यांची आई जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. कोणी म्हणेल, उतरलेल्या साखरेचे खेळ. असतीलही. मी वाद घालत नाही. वाद घालून मिळवलेलं पुण्य मी एकदा पाहिलेलं आहे. मला इतकंच ठाऊक आहे की मी हात टेकले तेव्हा कोणीतरी हाक घातली. त्यानंतर मी देवाकडे नवस बोलले नाही. सकाळी हात जोडते, गप्प उभी राहते, आणि मग नाश्ता करते. ह्यांना त्यापुढे बारा वर्षं लाभली, खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या, आणि त्या भरायचं काम माझं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी नॅनीच्या पाया पडले. ती गोंधळली, मग माझं नाक आपल्या नाकाला टेकवून तिने मला उठवलं. मी रडत रडत मोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझ्या देवासाठी मी ह्यांना उपाशी ठेवलं होतं, आणि पर्समधलं चित्र तिच्यापुढे धरलं. नॅनीने चष्मा लावला. सोंड पाहिली, हातातला मोदक पाहिला, पोटावर तिची नजर बराच वेळ रेंगाळली. मग तिने चित्र माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "हे पोट बघून मला तरी वाटत नाही, डिअर, की ह्याने कधी कुणाला उपाशी राहायला सांगितलं असेल."