पाठवणीचा सूर

डॉक्टरांनी बाबांना फुंकायचं बंद करायला सांगितलं होतं. सगळं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवूनही त्यांचं एकट्याचं वाजवणं कुठेच रेकॉर्ड झालेलं नव्हतं. "एकदा धरून ठेव गं," ते मला म्हणाले, "मंग पेटीत ठेवतो."

मी रेकॉर्डिंगची कामं करते. मुंबईचे तिघे वादक आगरदांड्याच्या जेट्टीजवळ, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात फ्री जाझ रेकॉर्ड करायला येणार होते. बाबांना सोबत घ्याल का, मी भीत भीत विचारलं. ते लगेच हो म्हणाले.

"सूर कंचा?" कारखान्यात पोचल्यावर बाबांनी विचारलं.

"ठरलेला नाही, काका. एकमेकांचं ऐकत वाजवायचं. एकदाच," ट्रम्पेटवाला म्हणाला.

"म्हंजे नवरा यायचा हाय न् बँडवाले कटाळलेत, तसा!"

तिघे हसले. मी वायरी बघत राहिले. शाळेत मी बाबा 'म्युझिशियन' आहेत एवढंच सांगत असे, बँडचा लाल कोट कधी सांगितला नाही.

सुरुवातीला बाबा गप्प होते. ड्रम, बेस आणि ट्रम्पेट एकमेकांवर धावून जात होते. मग बाबांनी एक सूर धरला आणि सोडलाच नाही. श्वास तुटायचा, ते परत तोच सूर उचलायचे. मला वाटलं, त्यांना काही सुचत नाहीये. लाज वाटली. मी त्यांच्या माइकचा आवाज हळूच शून्यावर आणला.

हळूहळू ट्रम्पेट त्याच सुरावर आला, मग बेसही. ड्रम थांबले. शेवटी बाबांना खोकला आला आणि सगळं संपलं.

"काका, तोच सूर का?" बेसवाल्याने विचारलं.

"पाठवणीचा हाय. पोरीचा पाय गाडीत पडंपर्यंत सोडाचा नसतो."

"आज कोणाची पाठवणी?"

"हिची," बाबा हातातल्या क्लॅरिनेटकडे बघत म्हणाले आणि ती पुसू लागले.

बँड असलेल्या कुठल्याही लग्नात मी पाठवणीपर्यंत थांबले नव्हते; तो सूर मी कधी ऐकलाच नव्हता.

घरी त्यांनी हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. त्यांचा सूर होता, पण ड्रमच्या माइकमध्ये शिरलेला, भिंतीपलीकडून आल्यासारखा. जे नोंदलंच गेलं नाही, ते नंतर वाढवता येत नाही.

"मी लांब हुबा व्हतो काय गं?"

कारखान्यात ते माझ्या अगदी शेजारी उभे होते.

"हो, बाबा," मी म्हणाले.