गिरजाची वांगी पंगतीत वाढली

माझी बायको गिरजा गेली हे मला सरकी काढायच्या जिनाच्या फाटकावर कळलं. कार्तिक सरत आला होता, हंगाम जोरात होता, कापसाच्या गाड्यांची रांग पार बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली होती अन् मी चौकीदार म्हणून एका गाडीवानाशी हुज्जत घालत उभा होतो. बैलांच्या मधून वाट काढत माझा थोरला भाऊ येताना दिसला. दादाचं घर माझ्या घराला लागूनच, मधे फक्त कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण. पण आम्ही दोघं कित्येक साल एकमेकांशी बोललो नव्हतो. तो जवळ आला, डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरलं अन् म्हणाला, "चाल घरी." एवढंच. मला समजलं. सकाळी मी निघालो तेव्हा ती अंगात ताप घेऊन पडल्या पडल्या मला शिव्या देत होती, कारण मी वांग्याच्या वाफ्यातून चपला घालून गेलो होतो. तेच तिचं शेवटचं बोलणं. गोड काही बोलली नाही. ती गोड नव्हतीच.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ती गेल्यापासून जो येतो तो मला तिची गोडी सांगतो. लक्ष्मी होती म्हणे, अन्नपूर्णा होती म्हणे. ही तीच माणसं, जी ती जिवंत असताना तिला शेणवाली म्हणत. माझ्या वट्ट्यावर बसून, माझ्या घरचा चहा पिऊन ही माणसं डोळे पुसून राहिली अन् मी नुसता बघत राहिलो. मी फार शिकलो नाही, दुसरी इयत्ता होईस्तोवर शाळा सुटली. पण खोटं कोणतं अन् खरं कोणतं हे कळायला शाळा लागत नाही.

ती बार्शीटाकळीची. लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा पदराच्या गाठीत वांग्याचं बी होतं, तिच्या आईनं बांधून दिलेलं. आमच्या घरामागची जागा म्हणजे विटांचे तुकडे, चुनखडी अन् जिनातून उडून आलेला कचरा. तिनं ते पाहिलं अन् माझ्याकडे पाहिलं, जणू ती चुनखडी मीच आणून टाकली. मग ती खणायला लागली. तिला खत पाहिजे होतं अन् आमच्या घरी ना गाय ना म्हैस. तिनं काय करावं? हंगामात जिनाच्या फाटकासमोर गाड्यांचे बैल उभे राहतात. ती टोपली घेऊन तिथं यायला लागली. मी फाटकावर खाकी कोट घालून उभा, अन् माझी बायको बैलांच्या मागे शेण गोळा करून राहिली! जिनातले हमाल मला हाका मारायचे, "चौकीदार, बाईसाहेब आल्या, सलाम ठोका." एका दिवशी मी घरी येऊन तिच्यावर ओरडलो, "गावभर शेण येचत फिरतं, तुले लाज नाई वाटत?" ती चुलीवर वांगं भाजून राहिली होती. वर न पाहता म्हणाली, "ज्याले लाज वाटते त्यानं वांगं खाऊ नये." अन् खरंच त्या रात्री तिनं माझ्या ताटात वांगं वाढलं नाही. भाकर, मिरचीचा ठेचा अन् पाणी. दुसऱ्या दिवशी मीच फाटकावरून तिला आवाज दिला, की तिकडच्या रांगेत पाहाय, तिकडं जास्त पडलं हाय.

त्या शेणात ती राख घालायची, जिनातल्या रुईचा कचरा घालायची, निंबोळ्या कुटून घालायची, चुलीपासचं खरकटं घालायची. ते सगळं खड्ड्यात भरून वर पाणी शिंपून माती ओढायची अन् पुढच्या सालापर्यंत त्याला कोणाला हात लावू द्यायची नाही. पानांवर किडे आले की सकाळी दहिवर असतानाच राख भुरभुरायची, किंवा तंबाखूचं पाणी मारायची. माझ्या तंबाखूचं. मी बोंबललो तर म्हणायची, "तुमी खाऊन थुकता, त्यापरीस झाडाले लागलेला बरा."

मग जर्मनची दुसरी लढाई आली अन् धान्य महाग झालं. नागपूरच्या सरकारनं हुकूम काढला की जो तो पिकवा, घरामागं पिकवा, अन् एक खात्याचा माणूस बैलगाडीत पांढऱ्या खताची पोती घेऊन वस्तीत फिरला. मिठासारखं दिसायचं ते; वस्तीत त्याला पांढरी पुडी म्हणत. वहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोनं, पदर पसरून घेतलं. गिरजानं चिमूटभर घेतलं, जिभेवर ठेवलं, अन् त्या माणसाच्या बुटाजवळ थुंकली. "जीभ भाजते," म्हणाली. "जे मले खाता येत नाई ते मी मातीले कावून चारू?" तो माणूस हसला. वहिनी तर कुंपणापलीकडून इतक्या हसल्या, की त्यांची कोंबडी घाबरून पळाली. अन् आता खरं सांगतो, वहिनींची भाजी त्या साली मस्त आली. पुढच्या सालीही आली. पानं काळी हिरवी, वांगी मुठीएवढी. वहिनी रोज एक वांगं हातात घेऊन कुंपणाशी उभ्या राहायच्या. "भाऊजी, नेता का घरी? तुमच्या घरचं तं लेकरावानी बारीक हाय." गिरजा माझ्याकडं अशी बघायची, की मी ते घेतलं असतं तर घरात घेतलं नसतं तिनं मला.

भांडण मात्र त्या पुडीवरून झालं नाही, पाण्यावरून झालं. दोन्ही घरच्या मोऱ्यांचं पाणी एका नालीनं गिरजाच्या वाफ्यात यायचं. आमच्या बापानं तसा उतारच काढला होता. त्या उन्हाळ्यात विहीर आटली अन् वहिनींनी नालीत वीट घालून आपल्या घरचं पाणी आपल्याकडं वळवून घेतलं. पांढऱ्या खताला पाणी जास्त लागतं, नाहीतर झाड जळतं. गिरजानं वीट काढून फेकली. वहिनींनी पुन्हा ठेवली. मग दोघींनी एकमेकींच्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या. दादा मधे पडला, मी मधे पडलो, अन् आमच्या दोघांचं जे तुटलं ते तुटलंच. बाया तरी रोज भांडत होत्या, म्हणजे बोलत तरी होत्या. आम्ही गडी तेवढेही नाही.

बी ती कोणाला द्यायची नाही. दरसाल चांगल्या झाडाचं चांगलं वांगं निवडायची, त्याच्या देठाला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, अन् ते वांगं पिवळं होऊन लोंबेस्तोवर झाडावर ठेवायची. चिंधीच्या वांग्याला हात लावायची हिंमत घरात कोणाची नव्हती. आमची एकच लेक, शेवंता, वरूडला दिली. तिनं किती वेळा मागितलं. गिरजा म्हणायची, "तुही सासू पांढरं खत टाकते, तिथं माहं बी नाई जाणार." यंदा दिवाळीला शेवंता आली तेव्हा ती वेगळी निघाली होती, तिला स्वतःचं अंगण मिळालं होतं. गिरजानं तिला वाफ्यात नेऊन चिंध्या दाखवल्या. "हे तुहं. पिवळं झालं की घेऊन जाजो." एवढ्या वर्षांनी ती हो म्हणाली होती. अन् बी तेवढंच होतं; पावसाळ्यात रोप मर रोग लागून गेलं, तेव्हा घरात राखलेलं सगळं तिनं दुसऱ्यांदा पेरलं होतं.

आता तेरवीचं ऐका. मी अन् शेवंता आदल्या दिवसापासून अस्थी घेऊन नदीवर होतो. इकडं वहिनींनी पदर खोचला. मेल्यावर वैर कशाचं, जाऊ होती माझी, असं म्हणून त्यांनी सगळा कारभार हातात घेतला. तेरवीला मेल्या माणसाच्या आवडीचं रांधावं, अन् तिच्याच हातचं वांगं असताना बाजारचं कावून आणावं? त्यांनी सगळी वांगी तोडली. चिंधीची आधी तोडली, ती सगळ्यात मोठी होती. बी घरात राखलेलं असंलच, असं त्यांना वाटलं. अन् पंगत बसवायला अंगण पुरेना, म्हणून दादानं झाडं उपटली, वाफे मोडले, धुम्मसानं जमीन ठोकली, अन् वहिनींनी शेणानं सारवून वर ठिपक्यांची रांगोळी काढली. उपटलेली झाडं चुलीत गेली. आम्ही आलो तेव्हा गिरजाच्या वाफ्यावर माणसं मांडी घालून बसली होती. वरण, पोळ्या अन् वांग्याची भाजी. वांगी जून होती, नुसत्या बियाच बिया. एक म्हातारा दातातून बिया काढून पत्रावळीच्या कडेला ठेवत म्हणाला, "वा, गिरजाबाईच्या हातचं वांगं!"... मला वाटलं त्याची पत्रावळ त्याच्या डोक्यावर पालथी करावी.

शेवंता उभ्या उभ्याच सगळं पाहत होती. तिच्या मुठीत चिंध्या होत्या. वहिनींनी त्या सोडून, धुऊन, कुंपणावर वाळत घातल्या होत्या, कामी येतील म्हणून. ती मला म्हणाली, "बाबा, बी कुठं हाय?" मी काय सांगू? म्हटलं, "लोकाइच्या पोटात."

लोक जाईस्तोवर मी दम धरला. मग कुंपणाशी गेलो अन् तोंडात येईल ते बोललो. म्हटलं, "वहिनी, ती जिती असती तं तुमची तंगडी तोडली असती. तुमी तिले मेल्यावर मारलं." दादा खाली मान घालून उभा.  मग वहिनींचं डोकं फिरलं. "झालं बोलून? माह्या वाफ्यात वांगी कोणत्या बियाची हायत, भाऊजी? आभायातून पडलं का बी?" मला कळेना. म्हणाल्या, "तुमचंच हाय. तिच्याच चिंधीचं. दरसाल एक चिंधी कुंपणाकडच्या झाडाले बांधे, माह्या हाताले येईल अशी. मी तोडत होती. मग गिरजा दिवसभर मले चोट्टी म्हणून शिव्या देत होती. पण पुढल्या साली पुन्हा तिथंच बांधे."

मी हे मानलं नाही, अजूनही मानत नाही. बाई आपली चोरी झाकायला मेलेल्या माणसाची साक्ष काढते, असंच मला वाटतं. पण गिरजा कधी कुंपणाच्या बाजूला चिंधी बांधायची, हे मीही पाहिलं होतं. तिथं ऊन चांगलं लागतं, असं ती मला म्हणाली होती. ऊन लागत असंलही... आता कोणाला विचारू.

वहिनींनी आपल्या वाफ्यातली दोन पिवळी वांगी आणून शेवंतापुढं टाकली. मी म्हटलं, "नको. त्या झाडानं पांढरी पुडी खाल्ली हाय." वहिनी म्हणाल्या, "बी काय सोवळ्यातलं हाय, बाटायले?" शेवंता माझ्याकडं पाहून राहिली. "बाबा, माय काय म्हणली असती?" "शिव्या दिल्या असत्या," मी म्हटलं. "तुले, मले अन् हिले. घे." पोरीनं घेतली. दोघी मोरीवर बसल्या, वांगी फोडली, बी धुतलं, राखेत घोळलं. वहिनी रडून राहिल्या होत्या. मला त्यांची कीव आली नाही. अर्धं बी शेवंता वरूडला घेऊन गेली. अर्धं तिनं माझ्यापाशी ठेवलं अन् म्हणाली, उन्हाळ्याआधी जागा करून ठेवजा.

परवा सकाळी दादा कुदळ घेऊन आला. न विचारता. सारवलेल्या जागेसमोर उभा राहून त्यानं हातावर थुंकी घेतली. मी वट्ट्यावरून म्हटलं, "खण. पण तुह्या घरची पुडी इथं आणशील तं हीच कुदळ तुह्या डोक्यात घालीन."  आपणच धुम्मसानं ठोकलेली जमीन, म्हणून त्यानं अंगातला सगळा जोर लावून घाव घातला. वरचा पोपडा फुटला अन् खाली काहीच अडलं नाही. कुदळ पार दांड्यापर्यंत आत गेली अन् दादा तोंडावर पडला. खाली सगळी तिची माती होती. काळी, ओली, लोण्यावानी. तो पडल्या जागीच मूठभर माती हातात घेऊन बसला, बराच वेळ. मी त्याला उठवायला गेलो नाही.