विरजण लावून निघालो

माझा लेख सासूबाईंना वाचून दाखवला, ही चूक. त्यातही बातम्या देतात तशा आवाजात वाचला. त्यांच्या लहानपणी सिन्नरकडच्या त्यांच्या गावात जाळपोळ झाली, घर सोडून पळावं लागलं. त्यावर दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलं होतं. थैमान, आक्रोश, वणवा, रक्ताळलेली रात्र... घरात होते नव्हते ते सगळे शब्द घातले होते. तिसरा खर्डा होता. मीही दमलो होतो आणि शब्दही.

सासूबाई मेथी निवडत ऐकत होत्या. संपल्यावर हळहळल्या, "लय वंगाळ झालं बिचाऱ्यांचं. कुठलं गाव वो?"

"तुमचंच," मी म्हणालो.

त्यांनी हातातल्या काड्या बाजूला केल्या. मग सांगू लागल्या. कुणी ओरडलं नव्हतं. वडील म्हणाले, चपला घाला. आईनं दूध कोमट केलं, विरजण लावलं, वर ताटली झाकली, मग दाराला कडी घातली. सकाळी परतायचंच होतं ना. घोटीला मामाकडे पोचले, तोवर मागे घर उरलं नव्हतं. पुढे जन्मभर नातेवाईक आईला चिडवायचे, गाव पेटलं अन् ही दही लावत बसली! लग्नाकार्यात मठ्ठा वाढताना तर हमखास. आईही हसायची. पण तिनं पुन्हा कधी विरजण लावलं नाही. ते काम लेकीकडे आलं.

"तुमी हसायचं लिवता," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या आईला नका घेऊ त्यात."

खरंच होतं. आत्या, मेहुणे, माझं स्वतःचं पोट, माझ्या लिखाणातून कुणी सुटलेलं नाही. म्हणून तर या वेळी गंभीर व्हायला गेलो, आणि ज्यांचं गाव त्यांनाच ते ओळखू येईना.

रविवारभर खोडत बसलो. वणवा गेला, आक्रोश गेला. चपला, दूध आणि कडी राहिली. लेख पानभरसुद्धा उरला नाही. पुन्हा वाचला, या वेळी आपल्या घरच्या आवाजात.

"ताटली पितळंची होती," सासूबाई म्हणाल्या. "ते लिवा." आणि उठून आत गेल्या.

परवानगी मिळाली, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. दह्यापाशी वाचक हसले तर? जेवताना बायकोला तेच विचारलं.

ती म्हणाली, "हसले तर हसू देत. तुम्ही आधी हसू नका, म्हणजे झालं."