सतराच्या पुढचं वाक्य

लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेल्या सिनेमांची मावशीकडे एक यादी आहे, आणि त्या यादीत पहिल्या नंबरावर तो सिनेमा आहे ज्यासाठी ती स्वतः तीन दिवस रडली होती.

त्याला बक्षिसं मिळाली. लोक अजूनही तो बघताना डोळे पुसतात. मावशी नाक मुरडते. "अकरा मिनिटं रडते बाई त्यात. अकरा मिनिटं कोण रडतं रे? खरं रडणारा माणूस मध्येच नाक शिंकरतो, पाणी पितो, दुधाखालचा गॅस बंद केलाय ना ते बघून येतो. त्या दिग्दर्शकाने नुसता नळ सोडून ठेवला. तिलाही रडवलं, मलाही."

तिला हे बोलायचा हक्क आहे, कारण त्यातलं रडणं तिचंच आहे. मावशी डबिंग करते. एक नामांकित नटी आहे, जिच्याबद्दल लोक "काय तो आवाज!" म्हणतात, तो आवाज माझ्या मावशीचा. गेली सव्वीस वर्षं. नटीचा स्वतःचा आवाज घोगरा, सर्दी झालेल्या माणसासारखा. पहिल्याच सिनेमाच्या निर्मात्याला तो चालेना, म्हणून त्याने मावशीला बोलावलं आणि ही गोष्ट कुठे बोलणार नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं. पुढे तेच चालू राहिलं. एकीचं काम संपलं की दुसरीचं सुरू व्हायचं, त्यामुळे दोघींची एकदाही भेट झाली नाही. मावशी तिला "आमची बाई" म्हणते. घरातही सगळे तेच म्हणतात.

मी काचेच्या अलीकडे बसतो. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मावशीमुळे इथे चिकटलो असं लोक म्हणतात. खोटं कशाला सांगू, तसंच झालंय. काचेपलीकडची खोली अंथरुणाएवढी. भिंतींना जाड गालिचे, एक माइक, एक पडदा, एक डगमगतं स्टूल. मावशी आत जाताना चपला आणि घड्याळ बाहेर ठेवते आणि कायम सुती कपडे घालते, कारण बाकीचं कापड सळसळतं आणि माइक ते बरोबर पकडतो. कोमट पाण्याचा तांब्या जमिनीवर. हे सगळं मांडून झालं की ती दोन्ही पाय घट्ट रोवून उभी राहते. स्टूल फक्त डब्यासाठी.

डबा उघडला की आमचं भांडण ठरलेलं. कोणता नट भारी, कोणता फुकटचा मोठा. सगळीकडे धुकं असलेला एक सिनेमा मला फार आवडतो. "मग धुक्याला द्या बक्षीस," मावशी म्हणते. "माणसं तर दिसतच नाहीत त्यात." एका जुन्या नायकाचं सध्या वाईट चाललंय असं मी हळहळून म्हणालो, तर ही म्हणाली, "तो पडला कुठे? तो उंच होताच कधी? स्टुलावर उभा होता, कोणीतरी स्टूल काढून घेतलं."

आणि थोर अभिनय कोणता, तर बाईचा एक सिनेमा, जो चार दिवसांत उतरला. त्यात नवरा परत येणार नाही असं कोणी सांगत असतं तेव्हा बाई नखं कापत असते. कापता कापता एकदा थांबते. बस्स, तेवढंच. मग पुढचं नख. "त्या थांबण्यात मला एक श्वास टाकायचा होता," मावशी सांगते. "एकवीस वेळा टाकला, तेव्हा बसला. असं काम करणाऱ्या बाईला ह्या लोकांनी रडायला लावलं."

पण काळ कोणासाठी थांबत नसतो. बाई नायिका होती, मग नायकाची वहिनी झाली, मग आई, मग चहाचा ट्रे घेऊन येणारी आई. ट्रे ठेवायचा, "घ्या ना" म्हणायचं आणि आत जायचं. त्या "घ्या ना"साठीसुद्धा मावशी अर्धा तास आधी येऊन गळा मोकळा करायची. मग दोन वर्षं काहीच नाही. मला वाटलं, संपलं. मी तसं बोललोही, आणि मावशी चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग हा सिनेमा आला. दिग्दर्शक तिशीचा, गोल चष्म्याचा, स्वतःच्या लेखनावर खूश असलेला. बाईला तीन प्रसंग. दोन ट्रेचे आणि एक मोठा: मुलगी कायमची दूर देशी निघाली आहे, दारात बॅग आहे, आई तिच्याशी शेवटचं बोलते. एका बुधवारी सकाळी दिग्दर्शक तो प्रसंग घेऊन आला आणि म्हणाला, "आधी पायलट ऐका. मजा आहे."

शूटिंगच्या वेळी जो कच्चा आवाज टिपलेला असतो, त्याला आम्ही पायलट म्हणतो. डबिंगवाले तो ऐकतात आणि त्यावर आपला आवाज चढवतात. मी पायलट लावला. पडद्यावर बाई मुलीकडे बघत होती, डोक्यावर खरे पांढरे केस होते, आणि तिच्या घोगऱ्या आवाजात ती म्हणत होती, "एक, दोन, तीन, चार, पाच..."

हे आमच्या धंद्यातलं जुनं गुपित आहे. नटाला वाक्यं आठवेनाशी झाली आणि उजेड चालला की दिग्दर्शक म्हणतो, आकडे म्हणा, तोंड हलवा, आवाजाचं नंतर बघू. कितीतरी मोठे नायक आयुष्यभर आकड्यांवर जगले. पण आमची बाई? जिला समोरच्याचीही वाक्यं पाठ असायची? सव्वीस वर्षांच्या पायलटमध्ये तिच्या तोंडून एक आकडा आला नव्हता.

"बारा वेळा सांगितलं, तरी आठवेना," दिग्दर्शक हसत म्हणाला. "सेटवर सगळे लोळले हसून." मीही हसलो, खोटं का बोलू. दहापर्यंत येता येता त्यानेच हात करून थांबवायला सांगितलं. मावशी काचेपलीकडून आमच्या दोघांकडे बघत होती. माझं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

"हा प्रसंग बसेल का ताई?" त्याने विचारलं. "मला शंका आहे. शनिवारी सकाळपर्यंत बसला नाही तर मी काढूनच टाकतो. सिनेमाला काही फरक पडत नाही."

म्हणजे बाईच्या वाट्याला दोन ट्रे राहणार. आणि आठवत नाही म्हणून काढलं, ही गोष्ट चार दिवसांत सगळीकडे होणार. मग तिला कोण बोलावतो?

"बसेल," मावशी म्हणाली.

बसायची काही चिन्हं नव्हती. दिग्दर्शकाचे संवाद म्हणजे निबंध. "माय म्हणजे ममतेचा महासागर, बाळा" अशी सुरुवात. आता "एक, दोन, तीन, चार" म्हणताना ओठ मिटत नाहीत, करून बघा. पहिल्यांदा मिटतात ते "पाच"च्या प ला. मग थेट "बारा"ला, मग "पंधरा"ला. आणि ह्याच्या महासागरात प, ब, म चा नुसता पाऊस. तोंड उघडं आणि आवाज मिटलेला, असं ते दिसायचं. मावशीने बुधवार घालवला, गुरुवार घालवला. गुरुवारी दुपारी टेकचा आकडा चौसष्ट झाला आणि माझं डोकं फिरलं.

"मावशी, पुरे आता. प्रत्येकाचे दिवस असतात. तिचे संपले. तू का जीव काढतेस? तिला तुझं नावही माहीत नसेल."

ती माइकपासून हलली नाही. "सव्वीस वर्षं तिच्या तोंडावर माझं घर चाललं," ती म्हणाली. "तिच्या तोंडात शब्द नाहीत, तर ते द्यायचे कोणी? तू?"

मी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग बंद केलं.

शुक्रवारी सकाळी तिने पडदा बंद करायला लावला. फक्त पायलट. डोळे मिटून उभी. दहाला मी सवयीने थांबवलं, तर ओरडलीच. "जाऊ दे ना पुढे!"

"पुढे आकडेच आहेत."

"तू ऐकलेस?"

ऐकले नव्हते. कोणीच ऐकले नव्हते. दहापर्यंत सगळ्यांचं हसून झालेलं असायचं आणि शेवटच्या, संवाद नसलेल्या तुकड्यावर दिग्दर्शकाने व्हायोलिन टाकायचं ठरवलं होतं. मी पुढे जाऊ दिलं. पंधरा, सोळा, सतरा. मग बाई थांबली. मग अगदी हळू, मुलीचं काम करणाऱ्या त्या पोरीला, तिने म्हटलं, "पुढचं आठवत नाही गं."

आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटलं. मावशीने डोळे पुसले, नाक शिंकरलं, पाणी प्यायली. मग स्टुलावर बसली, डबा नसताना, आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

दीड तास ती बोटांवर मोजत, ओठ मिटत-उघडत बसली होती. मग कागद मला दाखवला. मी सांगतो तसं आकड्यांवर म्हणून बघा. "किल्ली घेतलीस?" हे चारपर्यंत. "बघ," हे पाचला. "तिकडे थंडी आहे, जाड घालत जा," हे अकरापर्यंत. "फोन कर," बाराला. "रोज नाही तर," चौदापर्यंत. "मधून," पंधराला, आणि "कधीतरी" सतरापर्यंत. मग बाईचं स्वतःचं वाक्य, जसंच्या तसं.

नवव्या टेकला बसलं. असं बसलं की बाई हेच बोलली होती याची मी शपथ घेतली असती.

शनिवारी दिग्दर्शक आला. प्रसंग बघितला आणि लाल झाला. "माझे संवाद कुठे आहेत? किल्ली काय, थंडी काय! ताई, तुम्ही आवाज द्यायला आहात, लिहायला नाही."

"बरोबर आहे साहेब," मावशी म्हणाली. "तुमचे संवाद चांगलेच आहेत. कुठेतरी छापा. तिच्या तोंडात ते बसत नाहीत, हे मी चौसष्ट वेळा बघितलंय. हे बसतं. काढायचं असेल तर काढा, पण आधी एकदा शेवटपर्यंत ऐका. तुम्ही अजून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही." आणि चपला न घालता त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली.

मी पुन्हा लावलं. मग त्याने स्वतःहून तिसऱ्यांदा मागितलं. "पुढचं आठवत नाही गं" आलं तेव्हा त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला. काच स्वच्छ होती.

"इथे व्हायोलिन नको," तो शेवटी म्हणाला.

तो गेल्यावर मावशीने पायलट पुसायला सांगितला. मी म्हटलं, नियमात नाही बसत, निदान शेवटचं वाक्य ठेवू. "सगळं पूस," ती म्हणाली. "ते आकडे उद्या कोणाच्या फोनवर गेले तर जगभर हसतील. माझ्यासमोर पूस." मी दिग्दर्शकाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, पुसा, माझ्याकडचाही पुसतो. मी पुसला.

सिनेमा आला. सामान्यच आहे, मावशीच्या मते तर तोही यादीत जायच्या लायकीचा, कारण लोकांनी त्याला भलतंच उचलून धरलंय. पण तो प्रसंग लागला की थिएटरात खुर्ची वाजत नाही. लिहिणाऱ्यांनी लिहिलं की इतक्या वर्षांत बाईंनी असं काम केलं नव्हतं, आणि बाईंना दोन नवीन सिनेमे मिळाले. ट्रे नसलेले.

एका दुपारी स्टुडिओचा फोन वाजला. घोगरा आवाज. मी तो ओळखतो, माझ्याइतका तो कोणी ऐकला असेल?

"माझा आवाज तिथे आहे का?" बाईने विचारलं.

मी फोन स्पीकरवर टाकून काचेपलीकडे नेला. मावशीने आधी घसा साफ केला, टेकच्या आधी करते तसा.

"बोला बाई."

"मी काल बघितला," बाई म्हणाली. "ते किल्लीचं, थंडीचं, शेवटचं ते वाक्य... लोक मला त्यावरून डोक्यावर घेतायत आणि मला लाज वाटतेय. ते सगळं तुम्हीच केलंत ना? मी तर त्या दिवशी... मला काही आठवलंच नव्हतं हो. मी नुसते आकडे म्हटले होते."

सव्वीस वर्षं मी मावशीच्या तोंडून ऐकत आलो होतो: रडले मी, बक्षीस तिला. आता समोर ताट वाढून आलं होतं. घे, मी मनात ओरडलो, घे की गं!

"आकडे?" मावशी म्हणाली. "छे हो बाई. कोणी सांगितलं? पायलट माझ्याकडे होता, तुम्ही शब्द न् शब्द बोलला होतात. मी आपलं मागोमाग म्हटलं, नेहमीसारखं."

पलीकडे बाई रडायला लागली. फार नाही. मध्येच थांबून तिने नाक शिंकरलं.

फोन ठेवल्यावर मी मावशीवर चिडलो. खरंच चिडलो. "शेवटचं वाक्य तिचं, मान्य. पण किल्ली आणि थंडी तुझी होती! ती तरी सांगायचीस!"

मावशी बाहेर येऊन घड्याळ पुन्हा मनगटावर बांधत होती. "होती की," ती म्हणाली. "पण तिच्या तोंडी छान दिसतात."