विचारलं तेवढंच

निपाणीच्या कॉलेजात मी तीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि तीस वर्षं मुलांना एकच मंत्र दिला: कोरं काही सोडू नका, आठवेल ते सगळं लिहा, कुठे ना कुठे मार्क पडतोच. आमच्याकडे सगळेच असं सांगायचे. पेपर तपासणारेही आमच्यातलेच; पान भरलेलं दिसलं की त्यांचा हात सैल सुटायचा. नवरा गेल्यावर मुलाने मला बंगळूरला आणलं. तो हेब्बाळला राहतो, मी राजाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. वेगळं राहायचं मीच ठरवलं, सुनेच्या संसारात लुडबूड नको म्हणून, आणि तेव्हा स्वतःच्या शहाणपणावर फार खूश होते. दर रविवारी येतो म्हणाला होता. ट्रॅफिक आडवं येतं.

तळमजल्यावरची मुलगी बारावीला फिजिक्स आणि गणितात नापास झाली, तेव्हा तिची आई तिला घेऊन वर आली. माणसं मूळची चिकोडीकडची, घरात मराठी. पुरवणी परीक्षेला दोन महिने होते. दोन्ही विषय सुटले तर पुढचं कॉलेज, नाहीतर होसकोटेला मामाच्या कारखान्यात पॅकिंगला बसायचं, असं बापाने सांगून टाकलं होतं. मुलगी मान खाली घालून उभी होती.

पहिल्याच दिवशी मी जुन्या पेपरमधला एक प्रश्न दिला: ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ पत्र्यांचा का करतात? तिने दोन पानं लिहिली. आकृती, रचना, कार्य, सूत्र, उपयोग. एक अक्षर चूक नव्हतं, आणि पत्रे कशासाठी, हे मात्र कुठेच नव्हतं.

"प्रश्न काय विचारतोय?"

"ट्रान्सफॉर्मर, मिस."

"ट्रान्सफॉर्मरचं काय?"

"सगळं."

माझे कान तापले. ही मुलगी माझ्या वर्गात कधी बसली नव्हती, पण उत्तर माझंच होतं. अशी किती पोरं मी तयार करून सोडली असतील, या विचाराने त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिचं पेनच काढून घेतलं. आठवडाभर लिहायचं नाही, प्रश्न वाचायचा आणि त्याला आपल्याकडून काय हवंय तेवढं सांगायचं. 'स्टेट' म्हणजे नियम सांगायचा आणि थांबायचं. 'डिराइव्ह' म्हणजे एकेक पायरी दाखवत सूत्रापर्यंत जायचं. 'एस्टिमेट' आल्यावर ती अडली. आकडे दिलेलेच नाहीत, प्रश्न चुकीचा आहे म्हणाली. मी म्हटलं, "तीन मजले चढायला किती ऊर्जा लागते, काढ बरं."

"मिस, स्वल्प थांबा," म्हणून ती धावत खाली गेली, पायऱ्या मोजून धापा टाकत वर आली आणि माझं वजन विचारू लागली. "अगं, अंदाज करायचाय, मोजायचं नाही!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या घरात मी इतकी कधी हसले नव्हते.

चौथ्या आठवड्यात तिला जमायला लागलं. कुठलाही पेपर टाका, विचारलंय तेवढंच नेमकं लिहायची. मला ते त्याच दिवशी कळलं आणि मी गप्प बसले. आणखी पेपर काढले, आणखी अवघड. खरं सांगते, चार वाजल्यापासून माझे कान जिन्याकडे लागायचे. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं ते एकच माणूस होतं. बाकी दूधवाल्याशी कन्नडात 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणण्यापुरता संबंध.

असेच दोन आठवडे गेले. एके दिवशी वही उघडायच्या आधी ती म्हणाली, "मिस, एक विचारू? गणितातल्या इंटिग्रेशनला मी अजून हातपण लावला नाही. उद्यापासून आले नाही तर चालेल?"

मी सुरू झाले. फिजिक्सचा भरवसा नसतो, सराव सुटला की हात आखडतो, ऑप्टिक्स एकदा परत बघायला हवं, तोंडाशी आलेलं कशाला घालवायचं. ती ऐकत होती. तिचा चेहरा उतरत गेला.

"सरी मिस, येते," म्हणून तिने वही उघडली.

तिच्या हातातल्या पेनकडे बघताना माझी मलाच लाज वाटली. हिचं गणित राहिलं तर ते माझ्यामुळे राहणार होतं.

"नको येऊस," मी म्हटलं. "तुला सगळं येतंय. दोन आठवड्यांपूर्वीच आलं होतं."

तिने वर पाहिलं. "मग सांगितलं का नाही, मिस?"

"मला एकटीला करमत नाही गं."

तिने वही मिटून दप्तरात टाकली आणि दप्तर छातीशी धरून तशीच उभी राहिली. शेवटी मीच तिला जा म्हटलं, गणिताला दोनच आठवडे उरले होते.