बंद काचांमधली वाफ

आखातात नोकरीला असताना महबूल्याहून अर्दियाच्या गोदामात आम्ही चौघे एकाच गाडीने जायचो. गाडी माझ्या मित्राची. तो रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा, कंपनीत ड्रायव्हर. आमच्यात लायसन्स फक्त त्याच्याकडे, त्यामुळे गाडीत त्याचंच राज्य. पुढच्या सीटवर पाळीपाळीने बसायचं आणि जो बसेल त्याने मालकाची सेवा करायची, असा आमचा रिवाज होता. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून द्यायचं, फोन धरायचा, मागितला की व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, हातात ठेवायचा.

सिगारेट त्याने आमच्याच कटकटीने सोडली होती. व्हेप आला तेव्हा सगळे खूष झाले, कारण कपड्यांना वास येईना. माझं मात्र त्या आंब्याच्या गोड वासाने डोकं उठायचं. काच खाली केली की तिघेही अंगावर यायचे, बाहेर भट्टी आणि आतला एसी कसाबसा चालणारा. ‘अरे, वाफ हाय ती, धूर नाय,’ मित्र म्हणायचा. ‘घरी बंबाच्या वाफेला पण भ्यायचास काय?’

गाडी चालवताना व्हेप ओढणं कायद्यात बसतं का, यावर आमच्याकडे रोज कोर्ट भरायचं. एक म्हणे, बंदी फोनला आहे. दुसरा म्हणे, हात स्टिअरिंगवरून सुटला की पोलीस वाट्टेल ते कलम लावेल. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायला कुणी जात नव्हतं. मी चिडून बोलायचो, ते हसण्यावारी जायचं.

तरी माझा त्याच्यावर जीव होता. बायकोला आणायचे त्याचे कागद शेवटाला आले होते. खोली बघून ठेवली होती, पडदेसुद्धा आणले होते. लायसन्स गेलं तर नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर इथे राहायचा परवाना, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या सकाळी गोदामाच्या वळणावर गाडी हळूच होती. मित्राने लांब झुरका ओढून सोडला, समोरून ऊन आलं आणि काच पांढरीफटक झाली. मग धप्पकन आवाज. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. उतरून पाहिलं तर रस्ता झाडणारा एक बांगलादेशी माणूस गाडी आणि कठड्याच्या मध्ये सापडला होता. त्याचा पाय बघवत नव्हता.

पोलीस येईपर्यंत तिघांचं ठरलं, धूळ उडाली म्हणायचं. मला टाके घालायला नेल्यामुळे माझा जबाब राहिला. मित्राला मखफरमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात, बसवून ठेवलं. संध्याकाळी गाडीतल्याच एकाचा फोन आला. ‘तो झाडूवाला तुझ्याच इस्पितळात हाय. त्याने काय बघितलान, विचारून ये. आणि उद्या तू पण धूळच सांग. आपल्या दोस्ताचा संसार आता तुझ्या जिभेवर हाय.’

मी गेलो. याने काही पाहिलेलं नसू दे, एवढंच मनात होतं. एका गुडघ्याखाली चादर सपाट होती. मी त्या गाडीतला आहे म्हटल्यावर तो चिडला नाही. उलट त्यानेच विचारलं, ‘आप लोग सब बच गया? आग बुझ गया?’

‘कौन सा आग?’

‘गाड़ी के अंदर. शीशा बंद, सफेद धुआँ भरा था. हम सोचा, आदमी लोग जल रहा है. हाथ दिखाया, फिर दौड़ा, दरवाजा खोलने को.’

हो म्हणून सुटता आलं असतं. आग लागली होती म्हटलं असतं तर कदाचित मित्रही सुटला असता. पण या माणसापुढे जीभ रेटेना. आग नव्हती, ड्रायव्हर व्हेप ओढत होता, असं मी सांगून टाकलं. त्याला व्हेप म्हणजे काय ते कळेना. मग मी तोंडातून वाफ सोडल्याचं करून दाखवलं.

त्याने सपाट चादरीवरून हात फिरवला. ‘आग नहीं था,’ तो म्हणाला. ‘तो फिर हम क्यों दौड़ा?’

दुसऱ्या दिवशी मखफरमध्ये मी वाफ सांगितली. मित्र समोरच बसला होता. ‘तुलाच सांगायचं होतं काय रे?’ एवढंच म्हणाला. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्याची बायको आली नाही. तोच परत गेला.