पाय दुखायचा थांबला तेव्हा

जऊळक्याला आमचं घर स्टेशनाच्या अलीकडे आहे. पुढच्या खोलीत नवऱ्याची पिठाची गिरणी आणि तिला लागून, खिडकीच्या उजेडात, माझी शिलाई मशीन. बाया दळण ठेवायला यायच्या आणि जाताना ब्लाउजचं माप देऊन जायच्या. लग्नसराईत माझ्याकडे कापडांचा ढीग लागायचा. दिवसभर मशीनवर वाकायचं आणि कापायचं असलं की जमिनीवर चटई टाकून त्याहून जास्त वाकायचं. कंबर दुखते हे काही मला नवीन नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, तीही तेच सांगेल.

पण त्या वर्षी तूर निघाल्यानंतर जे सुरू झालं ते कमरेचं दुखणं नव्हतं. पाण्याची बादली उचलली आणि उजव्या कुल्ल्यातून एक चमक निघाली ती मांडीच्या मागून, पोटरीच्या बाजूनं थेट अंगठ्यापर्यंत गेली. मी बादली तशीच सोडून भिंतीला टेकले. नवऱ्यानं गिरणी बंद केली आणि काय झालं विचारलं. मला सांगताच येईना. कंबर दुखली असती तर कंबर म्हटलं असतं. हे तर पायातून कोणी तापलेली तार ओढत नेल्यासारखं होतं.

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. इंजेक्शन दिलं की बरं वाटायचं. त्याचा अंमल उतरला की तार पुन्हा तापायची. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली म्हणून त्या सोडल्या. मग कमरेला पट्टा आला. पट्टा बांधून मशीनवर बसायचे, शिंक आली तरी डोळ्यांसमोर अंधारी यायची. डॉक्टरांनी अकोल्याला मणक्याच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं होतं, तेही एकदाच, जाता जाता. आम्ही ते मनावर घेतलं नाही. मणक्याचा डॉक्टर म्हणजे ऑपरेशन, आणि मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस खाटेवर, असं गावात सगळेच म्हणायचे. तसा खाटेवर पडलेला माणूस मात्र कोणी दाखवू शकलं नसतं.

माझी मोठी जाऊ शेजारीच राहते. तिनं माझ्यासाठी काय केलं नाही? मोहाचं तेल कोमट करून रोज कंबर चोळली. विटेचा शेक दिला. एका गावात नस बसवणारा माणूस आहे असं कळलं तेव्हा तीच मला घेऊन गेली. त्यानं मला पालथं झोपवून टाचेनं कमरेवर दाब दिला. हाड कडकन वाजलं. दोन दिवस मला कुशीवर वळता आलं नाही. शेवटी तिनं बिब्बा तापवून कमरेवर चटके दिले. त्याचे काळे डाग अजून आहेत. चटके देताना तीच रडत होती, मी नाही. एका दुखण्यावर दुसरं आलं की पहिलं थोडं मागं सरतं, एवढं मला तेव्हा समजलं.

आणि मग एका सकाळी मी उठले तर पाय दुखत नव्हता.

आधी विश्वासच बसला नाही. कुशीवर वळून पाहिलं, बसून पाहिलं, वाकून पाहिलं. कंबर जराशी धरलेली होती, पण पायातली तार गेली होती. अंगठ्याजवळ थोडं बधिर वाटत होतं, मांडी घालून बराच वेळ बसल्यावर वाटतं तसं. त्याचं मला काहीच वाटलं नाही. मी चुलीवर शिरा केला. जाऊला हाक मारली. ती ओल्या हातांनी धावत आली. तिच्यासमोर मी खाली वाकले, पुन्हा सरळ झाले.

"पाह्य, बिब्बा लागला का नाही?" ती म्हणाली. "मी सांगून राह्यली होती तुले."

नवऱ्यानं दळणाला आलेल्या बायांच्या हातावरही शिरा ठेवला. इतक्या महिन्यांनी मी त्याला हसताना पाहत होते. त्या दिवशी मी तीन ब्लाउज शिवले आणि संध्याकाळी शीणही वाटला नाही.

पोळ्याच्या बाजारासाठी आम्ही दोघं निघालो तोवर बरेच दिवस गेले होते. मी पुढे चालत होते, तो मागून येत होता. पाय थोडा ओढल्यासारखा पडायचा, मला वाटायचं अशक्तपणा असेल. एवढ्यात त्यानं मागून हाक मारली.

"अवं, तुही चप्पल मांगंच राह्यली."

मी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. रस्त्यावर खडी पसरलेली होती. किती पावलं मी त्या खडीवरून तशी चालत आले होते कोण जाणे, मला कळलंच नव्हतं. त्यानं चप्पल आणून पायाशी ठेवली. मी घालायला गेले तर अंगठा वर होईना. मी पायाकडे बघत होते, मनातल्या मनात त्याला वर हो म्हणत होते, आणि तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा खाली लोंबत होता. नवऱ्यानं रस्त्यातच खाली बसून चप्पल माझ्या पायात घातली. बाजाराला गेलो नाही. घरी परतताना पाऊल जमिनीवर फटक फटक आपटत होतं. तो आवाज आम्ही दोघंही ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं अकोल्याला गेलो. फोटो काढले, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये झोपवलं. मणक्याच्या डॉक्टरांकडे टेबलावर पाठीच्या कण्याचा एक नमुना होता. दोन मणक्यांच्या मधली गादी दाखवून त्यांनी समजावलं. ही गादी फाटली, आतला मऊ गर बाहेर आला आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर बसला. ती नस पायात जाते म्हणून दुखणं पायात. कमरेवर काहीही चोळलं तरी तो गर जागचा हलणार नव्हता. सगळं इतकं सोपं होतं की मला कोणीतरी आधी सांगितलं असतं तर तेव्हाही समजलं असतं.

मग त्यांनी विचारलं, दुखायचं कधी थांबलं? मी सांगितलं. बिब्ब्याचंही सांगितलं, शिऱ्याचं मात्र सांगितलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दुखत होतं तोवर नस जिवंत होती, ताई. ती ओरडत होती. ओरडून थकली, गप्प झाली. तुम्हाला वाटलं बरं झालं."

नवरा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्यानं विचारलं, "आता ऑपरेशन केलं तं पाय उठते का?"

"दाब काढणं माझं काम, तो मी काढीन. नस उठेल का, हे मी सांगू शकत नाही. फार उशीर झालाय."

ऑपरेशन झालं. गावात म्हणत होते तशी मी खाटेला खिळले नाही. दुसऱ्याच दिवशी मला चालवलं. तेवढं ते बोलणं खोटं निघालं आणि त्याच बोलण्यापायी आम्ही इतके महिने घालवले होते. व्यायाम शिकवणारी मुलगी नडगीवर करंटचे पट्टे चिकटवायची. करंट आला की पाऊल वर उचललं जायचं. मी आशेनं बघायचे. करंट बंद केला की ती म्हणायची, आता तुम्ही उचला. मी सगळा जीव लावायचे. कपाळाला घाम यायचा, डाव्या पायाचा अंगठा वर व्हायचा, उजवा पडलेलाच. ती दर वेळी म्हणायची, पुढच्या वेळी पाहू. नंतर नंतर ते म्हणणंही तिनं सोडलं.

नवऱ्यानं माझ्या मशीनला मोटर बसवून आणली. पायानं तिचं पायडल दाबता येत होतं, पण पाऊल उचलता येत नव्हतं. मशीन सुरू व्हायची, थांबायची नाही. एका नवरीच्या ब्लाउजची बाही मी गळ्याला शिवून टाकली. सुई बोटातून गेली ती वेगळी. डाव्या पायानं करून पाहिलं तर तिरकं बसावं लागायचं आणि कंबर पुन्हा धरायची. मग लग्नाची कापडं तालुक्याला, मालेगावला जायला लागली. बाया दळण घेऊन येतात, माझ्याकडे पाहून हसतात, मापाचं बोलत नाहीत. त्यांचा काही दोष नाही.

वर्षभरात दुखणं परत आलं, पण वेगळं. आता पावलाच्या वरच्या बाजूला आग असते. पांघरूण टेकलं तरी निखारा ठेवल्यासारखं वाटतं. आणि तिथंच टाचणी टोचली तर कळत नाही. दोन्ही एकाच जागी कसं, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेलेली नस बाहेरचं काही ऐकत नाही, आतल्या आत बडबडत राहते. त्यांनी नसेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आग थोडी मंदावते, पण डोकं जड होतं, भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवत नाही. शेवटच्या वेळी त्यांनी पाय तपासला, पाऊल लोंबू नये म्हणून गुडघ्याखाली लावायला दिलेली प्लास्टिकची पट्टी पाहिली आणि म्हणाले की जेवढं यायचं तेवढं आलं, आता मुद्दाम एवढ्या लांब यायची गरज नाही. पाय तेवढा जपा, रोज डोळ्यांनी बघत जा. परतीच्या गाडीत नवरा खिडकीबाहेर बघत बसला होता. स्टेशन आलं तेव्हा मला उतरवायला त्यानं हात पुढे केला.

गेल्या थंडीत सकाळी आम्ही अंगणात शेकत बसलो होतो. जाऊही होती. बोलता बोलता तिला वास आला. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम माझा पाय ओढला. अंगठ्याच्या बाजूची कातडी निखाऱ्याला लागून पांढरी पडली होती.

"काहून वं, तुले समजलं नाही?"

पाय तर रोजच जळतो. आज खरंच जळत होता, हे मला कुठून कळावं?

ती जखम अजून पुरती भरलेली नाही. भरते, पुन्हा उघडते. संध्याकाळी गिरणी बंद झाली की नवरा हातपाय धुऊन येतो, माझा पाय मांडीवर घेतो, जखमेवरची पट्टी सोडतो, बघतो, मलम लावून नवी पट्टी बांधतो. त्याच्या भुवयांवर पीठ तसंच असतं. आधी तो विचारायचा, काही समजून राह्यलं का? आता विचारत नाही. त्याची बोटं पावलावरून फिरताना मी बघत असते. बघितलं नाही तर तो कधी हात लावतो, कधी काढतो, मला कळत नाही.